कुलूप लावलेल्या मजल्यांचा खर्च वाचवावा का?

तुमचं गणित थोडक्यात असं : चार मजली इमारत, खालचे दोन मजले वापरात, वरचे दोन 2 वर्षांपासून बंद. वरच्या मजल्यांच्या आगीचा अलार्म आणि स्प्रिंकलर (आग लागताच छतातून पाणी फवारणारी यंत्रणा) यांच्या देखभालीचा करार आणि विमा बंद करायचा आणि वाचलेल्या पैशांतून इमारतीवरचं कर्ज लवकर फेडायचं.

कर्ज लवकर फेडणं चांगलंच, पण त्यासाठी हे पैसे काढू नका.

तुमच्यासारख्याच एका अशिलाबरोबर मी त्याचा बंद मजला बघायला गेलो होतो. जुन्या गाद्या, अर्धवट वापरलेले रंगाचे डबे, आणि कोपऱ्यात केबल खाली नेण्यासाठी स्लॅबला पाडलेलं मनगटाएवढं भोक. बाजूला उंदरांनी कुरतडलेली वायर, तीही चालू लाइनची! खाली लागलेल्या आगीचा धूर अशाच भोकांतून आणि जिन्याच्या पोकळीतून वर चढतो. वर कोणी नसतं, म्हणून डिटेक्टर बंद असेल तर आग मोठी होईपर्यंत पत्ताच लागत नाही. 1999 मध्ये अमेरिकेतल्या वुस्टर शहरात एका ओसाड शीतगृहाला आग लागली, ती कळवली गेली बऱ्याच उशिरा. आत कोणी अडकलंय का हे शोधताना अग्निशमन दलाचे 6 जवान मृत्युमुखी पडले.

आता विमा. इमारतीची किंमत 100 धरा. तुम्ही विमा घेतलात 50 चा. उद्या 20 चं नुकसान झालं, तर अंडर-इन्शुरन्सच्या अटीमुळे (किमतीपेक्षा कमी विमा, तर भरपाईही त्याच प्रमाणात कमी) हातात येतील 10. अर्ध्या इमारतीचा विमा म्हणजे खालच्या मजल्यांची पूर्ण भरपाई, असं गृहीत धरू नका. शिवाय बऱ्याच पॉलिसींत जागा 30 किंवा 60 दिवसांहून जास्त रिकामी असल्यास विमा कंपनीला कळवणं बंधनकारक असतं. 2 वर्षांत कळवलंय का? नसेल तर याच आठवड्यात लेखी कळवा. कर्जाचा करारही काढून वाचा. तारण इमारतीचा पूर्ण विमा चालू ठेवण्याची अट त्यात बहुतेक असतेच. म्हणजे ज्या कर्जासाठी ही काटकसर, त्याचीच अट मोडायची!

बचत करायचीच, तर वरच्या मजल्यांची वीज मेनपासून तोडा. अलार्म आणि स्प्रिंकलरच्या पंपाची लाइन मात्र स्वतंत्र, चालू हवी. गॅस असेल तर तोही बंद करा. सामान भंगारात काढा. त्यातून थोडे पैसे येतील, ते भोकं बुजवायला वापरा. पण बाजारात मिळणारा साधा फोम भरू नका, तो स्वतःच पेटतो. आगरोधक मसालाच लागतो. जिन्याचे दरवाजे आपोआप मिटतात ना, ते बघा. महिन्यातून एकदा वर जाऊन या, तारीख वहीत लिहा. दाव्याच्या वेळी ही वही कामाला येते.

देखभाल कराराचा दर मात्र खुशाल घासून घ्या. आणि मजले आणखी वर्षभर रिकामेच राहणार असतील, तर भाड्याने देण्याचा हिशेब घेऊन पुन्हा लिहा.