संकासूर यंदा नाचेल का?

प्रश्न : मी ६४ वर्षांचा, गुहागर तालुक्यातला. तिशीपासून शिमग्याला आमच्या खेळ्यांत, म्हणजे पालखीबरोबर घरोघर नाचणाऱ्या मंडळींत, संकासूर होतो. काळा वेश, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. पोरं चिडवतात, मी मागे धावतो. आता फुफ्फुसाचा कॅन्सर निघालाय. बरा होणार नाही, त्रास कमी करू, असं डॉक्टर म्हणाले. यंदाही वेश चढवावा असं फार वाटतं. मुंबईचा मुलगा म्हणतो, ‘बाबा, आता देवाचं नाव घ्या, हे शोभत नाही.’ मरण समोर असताना पोरं हसवण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर : आहे काका, खूप आहे. आणि देवाचं नाव म्हणाल, तर संकासूर पालखीच्या खेळ्यांतलाच ना?

मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या उपचारांत, काम करते. वेदना बहुतेक वेळा औषधानं आटोक्यात येतात. ‘माझा आता कुणाला काय उपयोग?’ ही बोच गोळीनं जात नाही. कॅनडातले मानसोपचारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव्ह यांनी यावरच काम केलं. रुग्णाशी निवांत बोलायचं, त्याला मागे काय ठेवायचंय ते लिहून काढायचं आणि तो कागद त्याच्या माणसांना द्यायचा. तुमच्याकडे तर सांगण्यासारखं केवढं आहे! पोराला किती जवळ येऊ द्यायचं, रडवेल्या पोरापुढे टोपी कधी काढायची, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? फोनवर बोलून ठेवा. वाडीतल्या एखाद्या तरण्या पोराला शेजारी बसवून घ्या.

आता शरीराचं. आजार हाडांत पोचलाय का, हे आधी विचारा. पोचला असेल तर धावणं, उड्या बंद. असं हाड जराशा धक्क्यानं मोडतं. घरोघर फिरू नका, एकच अंगण धरा. फाल्गुनातल्या उन्हात तोंडावर कापड नको, दाढी पुरे. धाप लागली की बसा आणि छोट्या पंख्याचा वारा चेहऱ्यावर घ्या, त्यानं खरंच बरं वाटतं. मॉर्फिन हे वेदनेवरचं तीव्र औषध दिलं असेल तर घाबरू नका. ते सुरू झालं म्हणजे दिवस भरले असं मुळीच नसतं. नाचाआधी डोस कधी घ्यायचा, ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

घरात मात्र सगळ्यांना हसवायची जबाबदारी घेऊ नका. रात्री भीती वाटली तर मुलाला फोन करा. तो तुम्हाला अडवतोय कारण तोही घाबरलाय. पुढच्या तपासणीला त्याला बरोबर न्या आणि त्याच्यासमोरच डॉक्टरांना विचारा, यंदा किती वेळ नाचू.