सही झाली, मोर्तब कुठे आहे?

प्रश्न असा आहे: 'भारताने छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, मात्र अद्याप अनुसमर्थन केलेले नाही' असे वाक्य वाचनात आले. सही केल्यावर पुन्हा अनुसमर्थन कशाचे? आणि त्याला सोपा मराठी शब्द नाही का?

शब्द आहे आणि तो आपण सगळेच वापरतो: शिक्कामोर्तब. शिवकालीन पत्रात वर शिक्का असे आणि मजकूर संपला की खाली मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' ही अक्षरे दिसतात, तेच मोर्तब. मजकूर इथे संपला, याखाली कोणी काही घुसडू नये, हा त्याचा अर्थ. लिहिणारा कारकून वेगळा, मोर्तबाचा अधिकार वेगळा.

तहाचेही तसेच. मराठे आणि इंग्रज यांच्यातले पहिले युद्ध मिटवणारा सालबाईचा तह पाहा. महादजी शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनीचा वकील अँडरसन यांनी तो १७ मे १७८२ रोजी ठरवला. कंपनीचा कलकत्त्यातला गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने जूनमध्ये मान्यता दिली. पुण्यात नाना फडणवीसांनी मात्र फेब्रुवारी १७८३ पर्यंत तो अडवून धरला. इंग्रजांशी लढणाऱ्या म्हैसूरच्या हैदरअलीशी असलेला दोस्ताना ही नानांच्या हातातली मोठी सोंगटी होती, आणि डिसेंबरात हैदर वारला. सही आणि मोर्तब यांच्यामधल्या नऊ महिन्यांत केवढे राजकारण मावते, हे यापेक्षा चांगले कुठे दिसणार! त्याआधी १७७९ च्या वडगावच्या तहाला तर कलकत्त्याने मान्यताच दिली नाही. कंपनीच्या मुंबईतल्या अधिकाऱ्यांना असा तह करण्याचा अधिकारच नव्हता, असे हेस्टिंग्जचे म्हणणे होते.

आता तुमचे वाक्य. छळविरोधी करार संयुक्त राष्ट्रांचा. आपल्या प्रतिनिधीने त्यावर सही केली, म्हणजे करार तत्त्वतः पटला आणि त्याच्या हेतूला मारक असे वागणार नाही, एवढेच सांगितले. बंधन येते ते शिक्कामोर्तबानंतर. त्याआधी देशात तसा कायदा हवा, अशी भूमिका सरकारने घेतली. २०१० मध्ये छळ प्रतिबंधक विधेयक लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेत प्रवर समितीकडे गेले आणि पुढे बारगळले. सहीला पाव शतक उलटून गेले, तरी मोर्तब नाही. मला हे लाजिरवाणे वाटते.

सही न करता थेट सामील होण्याचीही वाट असते. ओझोनच्या थराबाबतचा मॉन्ट्रियल करार १९८७ मध्ये झाला, तेव्हा भारत बाहेर राहिला. पर्यायी रसायने आणि तंत्रज्ञान यांचा खर्च गरीब देशांनी का सोसावा, हा आपला सवाल होता. १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत त्यासाठी निधी उभारायचे ठरले आणि १९९२ मध्ये आपण सामील झालो. बाहेर राहणाऱ्यांशी त्या रसायनांचा व्यापार बंद, हे कलमही करारात होतेच. आज जगातले सगळे देश त्यात आहेत.

म्हणूनच 'देशांना सामील होण्यास प्रोत्साहित करणे' हा बातम्यांतला प्रयोग मला खटकतो. प्रोत्साहन शाळकरी मुलांना देतात. इथे जे घडले त्याला मराठीत राजी करणे म्हणतात. त्यात समजूत घालणे येते, देणेघेणे येते आणि थोडी कोंडीही येते.

करार पाळण्याला म्हणतात ते 'अनुपालन' मात्र कचेरीतल्या अहवालापुरते राहू द्यावे. आपण शब्द पाळतो, पथ्य पाळतो, तसाच तह पाळतो, नाहीतर मोडतो.

कायद्याच्या मसुद्यात अनुसमर्थन अवश्य असावे, कारण शिक्कामोर्तब आपण तिकीटवाटपापासून लग्नाच्या तारखेपर्यंत कशालाही म्हणतो आणि मसुद्यात तेवढा सैलपणा चालत नाही. बातमीत मात्र मी लिहीन: 'छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण शिक्कामोर्तब अजून केलेले नाही, त्यामुळे तो पाळणे भारतावर बंधनकारक नाही.'