रिकाम्या गाडीचं वजन शून्य का आलं

टिळकवाडी, बेळगाव

बाळा,

फोनवर तुझं बोलणं निम्मंच कळलं, म्हणून सविस्तर लिहितेय. तुझ्या जावातल्या सोप सर्व्हिसला मेसेज पोचतोय, एरर येत नाही, तरी मेथडमधलं एक आर्ग्युमेंट नल, म्हणजे कोणतीच व्हॅल्यू नसलेलं, येतंय. कोड तपासून तू दमला असशील. मीही अशीच दमले होते.

उसाचा हंगाम होता. एका कारखान्याच्या वजनकाट्यासाठी मी सोप सर्व्हिस, म्हणजे एक्सएमएल मेसेज घेऊन काम करणारा प्रोग्राम, लिहिली होती. मेथडला दोन इंट, म्हणजे जावातले साधे पूर्णांक: भरलेल्या गाडीचं वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन. चांगली चालली. मग कामाची पाळी (शिफ्ट) नोंदवायची मागणी आली आणि मी ते तिसरं इंट सहज दोघांच्या मधे घातलं. काट्यावरचा प्रोग्राम जुनाच राहिला. दुसऱ्या दिवशी एका ट्रॅक्टरची नोंद अशी दिसली: भरलेलं वजन १४,२०० किलो, पाळी ४,६००, रिकामं वजन ०. म्हणजे ट्रॉलीचं लोखंडसुद्धा ऊस म्हणून मोजलं गेलं. एरर एकही नाही. त्या शेतकऱ्याच्या पावतीवरचा आकडा मला अजून आठवतो.

झालं काय होतं, ते नीट समजून घे. सोप मेसेजच्या बॉडीत एक वेष्टन एलिमेंट (एक्सएमएलचा टॅग) असतं आणि त्याच्या आत एकेका आर्ग्युमेंटचं एलिमेंट. जॅक्सबी, म्हणजे एक्सएमएलचं जावात रूपांतर करणारी लायब्ररी, त्या प्रत्येकातून जावाची व्हॅल्यू काढतं. मग जॅक्स-डब्ल्यूएस, म्हणजे जावातली सोप सर्व्हिस चालवणारी यंत्रणा, एक ऑब्जेक्ट ॲरे (ओळीने घरं) घेतं, एलिमेंटच्या नावावरून कोणती व्हॅल्यू कितव्या घरात जाईल ते ठरवतं, आणि तो ॲरे देऊन रिफ्लेक्शनने, म्हणजे प्रोग्राम चालू असतानाच शोधून, मेथड बोलावतं. तू पॅरामीटरला दिलेलं सुंदर नाव तिथे पोचतच नाही. वेबपॅराम ॲनोटेशन (पॅरामीटरच्या एलिमेंटचं नाव सांगणारी खूण) लावलं नाहीस तर एलिमेंटची नावं आर्ग०, आर्ग१, आर्ग२ अशी जागेवरून पडतात. मी मधे पाळी घातली, तेव्हा आर्ग१ म्हणजे पाळी झाली. जुना काटा आर्ग१ मध्ये रिकामं वजनच पाठवत राहिला आणि आर्ग२ आलाच नाही.

आता ते शून्य. न आलेल्या इंटच्या घरात नल ठेवता येत नाही, म्हणून मेट्रोसारखी जॅक्स-डब्ल्यूएसची अंमलबजावणी तिथे ० भरते. डब्ल्यूएसडीएल, म्हणजे सर्व्हिसचं वर्णन करणारी फाइल, तिच्यातली स्कीमा (एलिमेंटांचे नियम) ते एलिमेंट सक्तीचं आहे असं सांगते, पण स्कीमा व्हॅलिडेशन मुद्दाम चालू केल्याशिवाय आलेला मेसेज तिच्याशी कुणी ताडून बघत नाही. म्हणून मी आता पैसा आणि वजन कधी इंट घेत नाही. इंटिजर घेते, कारण ते ऑब्जेक्ट असल्याने त्यात नल राहू शकतो; नल आला की लगेच फॉल्ट (सोपचा एरर) फेकते. त्याने स्कीमात ते एलिमेंट ऐच्छिक दिसू लागतं, तेवढं सोसते.

तुझ्याकडे नल येतोय, म्हणजे तुझं आर्ग्युमेंट साधं इंट नाही, ऑब्जेक्ट आहे. माझा संशय नेमस्पेसवर आहे, म्हणजे एलिमेंटचं नाव कुठल्या गटातलं ते सांगणाऱ्या ओळखीवर. येळ्ळूरचा पाटील वेगळा, उचगावचा पाटील वेगळा. आडनाव एक म्हणून एकाचं पत्र दुसऱ्याला देत नाहीत. वेष्टनाला नेमस्पेस असते, पण आतल्या एलिमेंटना जॅक्स-डब्ल्यूएस एरवी नेमस्पेस देत नाही. समोरच्याने त्यांनाही नेमस्पेसचा प्रिफिक्स लावला असेल, तर ती अनोळखी ठरतात आणि जॅक्सबी अनोळखी एलिमेंट मुकाट्याने टाकून देतं. वेबपॅराममध्ये नाव लिहितोस, तसा टार्गेटनेमस्पेससुद्धा लिही. आणि नवीन आर्ग्युमेंट कधी मधे घालू नकोस बघ. नावं दिली असली तरी शेवटीच घाल.



आज एवढंच कर. डीबगरमध्ये दिसणाऱ्या व्हॅल्यू नकोत; तारेवरून आलेला मेसेज जसाच्या तसा फाइलमध्ये घे आणि तुझा डब्ल्यूएसडीएल शेजारी ठेवून एकेका एलिमेंटचं नाव आणि नेमस्पेस बोट ठेवून जुळव. दोन्ही फाइली मलाही पाठव. शनिवारी दुपारी मी घरीच आहे, ये, मिळून बघूया.

तुझी,
ताई