मुलगी सहावीत आहे, फुटबॉल खेळते. घरचे म्हणतात आता बंद कर. तिला आणि गावातल्या पोरींना प्रोत्साहन कसं द्यावं?

दादा, तुम्ही लिहिलंय की तुम्ही खानापूर तालुक्यातले, मुलगी शाळेच्या मैदानावर मुलांबरोबर खेळते, आणि आता आज्जी आणि थोरले काका म्हणायला लागलेत, "मोठी झाली, पुरे झालं." मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातली. संध्याकाळी शाळा सुटल्यावर गावातल्या पोरींना फुटबॉल खेळवते, त्यामुळे हे बोलणं जवळजवळ प्रत्येक घरात ऐकलंय.

माझं म्हणणं सरळ आहे. पोरींना हौस लावावी लागत नाही, ती असतेच. बॉल पुढं टाकला की त्या धावतात. खेळ सुटतो तो सहावी ते नववीच्या दरम्यान, आणि सुटतो कपड्यांवरून, अंधारावरून, सोबत नसल्यावरून, घरच्या कामावरून. ही कारणं मोठ्यांनी दूर करायची असतात. पोरीला "तू करू शकतेस" म्हणून भाषण देत बसण्यापेक्षा तुम्ही ती कारणं दूर करा.

पहिलं कपड्यांचं बघा, कारण आज्जीचं दुखणं बहुतेक तिथंच असतं. फुटबॉलच्या नियमात चड्डीखाली लांब टाइट्स घालायला परवानगी आहे. रंग चड्डीचाच हवा आणि सगळ्या टीमचा एकच हवा, एवढंच. काळी चड्डी, काळी लेगिंग, वर सैल टी-शर्ट. आमच्याकडे याच एका गोष्टीवर कितीतरी घरांतला विरोध मावळला. नीट बसणारी स्पोर्ट्स ब्रा घ्यायचं काम वहिनींवर सोपवा आणि ते लवकर करा. पोरी लाजून बोलत नाहीत, नुसत्या यायच्या बंद होतात. पाळीच्या दिवसांत खेळू नये असं काही नाही. पोट दुखत असेल तर बसेल, बरं वाटत असेल तर खेळेल, ते तिनं ठरवायचं. मात्र खेळाच्या वेळेत शाळेचं शौचालय उघडं राहील आणि तिथं पाणी असेल, हे हेडमास्तरांशी बोलून ठेवा.

दुसरं अंधाराचं. तुमच्या भागात गवे आणि अस्वलं फिरतात, त्यामुळे आईबाप घाबरतात यात त्यांची काही चूक नाही. शाळा सुटली की लगेच सुरू करायचं आणि दिवस मावळायच्या आत सगळ्या घरात. शेवटच्या गल्लीपर्यंत सोडायला पाळीपाळीने एकेक पालक ठरवून घ्या. बाहेरगावी सामन्याला जायचं तर शक्ती योजना फार कामाला येते. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या साध्या सरकारी बसमध्ये बायका-मुलींना तिकीट नाही, त्यामुळे "बसचे पैसे कुठून आणू" हा प्रश्न बऱ्यापैकी मिटलाय. आधार कार्ड तेवढं बरोबर हवं.

आता खरी गोष्ट, सोबत. एकटी मुलगी मुलांत खेळते तोवर गावाच्या नजरेत ती वेगळी पडते. सात-आठ झाल्या की तो गावातल्या पोरींचा खेळ होतो आणि कुणी बोट दाखवत नाही. म्हणून एकीला वाचवायचं तर सातजणी गोळा करा. खो-खो आणि कबड्डी खेळणाऱ्या पोरींपासून सुरुवात करा. त्यांच्या अंगात वळण असतं, पडायची भीती नसते. पायाच्या टोकाने मारायची सवय मोडायला मात्र वेळ लागतो. पाऊल बाहेर वळवायचं, घोटा घट्ट, आतल्या बाजूने ढकलायचं, हे भिंतीवर रोज दहा मिनिटं.

आमच्याकडे आठवीतली एक पोरगी कंपाउंडला टेकून उभी राहायची, कडेवर धाकटा भाऊ. बॉल तिच्याकडे गेला की ती पोराला न सोडता बॉल पायाखाली घ्यायची आणि नेमका जिच्याकडे द्यायला हवा तिच्याकडेच परत द्यायची. आईबाप दोघं कामावर, पोराला बघायला दुसरं कुणी नाही. तिला प्रोत्साहन म्हणजे काय देणार? एका आज्जीला विनंती केली, त्या रोज मैदानाच्या कडेला बसायला लागल्या, पोरगं त्यांच्यापाशी खेळायला लागलं, आणि ती आत आली. आज मधल्या फळीत तिच्याइतकं आजूबाजूला बघून पास देणारी दुसरी नाही. तुमच्या गावातही अशा पोरी असतील, कडेला उभ्या. त्यांच्या हातात काय आहे ते आधी बघा.

सामानात पैसे घालू नका. बारा वर्षांपर्यंत चार नंबरचा बॉल घ्यायचा, पाच नंबरचा त्यांच्या पायाला जड पडतो. खडीच्या मैदानावर महागडा बॉल लवकर फाटतो, तिथं साधा रबरी बरा. दोन-तीन बॉल असले तर उत्तम, म्हणजे रांगेत उभं राहण्यात वेळ जात नाही. शिनगार्ड (नडगीवर बांधायचे पॅड) मात्र हवेतच, सामन्यात ते नियमानेच लागतात.

एका बाबतीत मी फार काटेकोर आहे. वाढत्या वयातल्या मुलींच्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध मुलांपेक्षा जास्त प्रमाणात तुटतो, आणि एकदा तुटला की ऑपरेशन, खर्च आणि वर "सांगितलं होतं ना" हे ऐकायचं. फिफाचा '११ प्लस' नावाचा साधारण २० मिनिटांचा वॉर्म-अप आहे. त्यात धावणं, एका पायावर तोल, उडी मारून गुडघे आतल्या बाजूला न वळू देता खाली येणं असं सगळं येतं, साधन फक्त बॉल. नॉर्वेत मुलींच्या टीमवर त्याचा अभ्यास झाला, तेव्हा दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी झाल्या. लहानांसाठी त्याचाच वेगळा प्रकार आहे. व्हिडिओ बघून बसवता येतो. तो झाल्याशिवाय मी बॉल बाहेर काढत नाही.

तुमच्या मुलीला बारा वर्षांपर्यंत मुलांबरोबर खेळू द्याच. त्या वयात ताकदीत फारसा फरक नसतो आणि तिचा खेळ पक्का होतो. पुढं शालेय स्पर्धा आहेत, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा. सुब्रोतो कप या शाळांच्या देशपातळीवरच्या फुटबॉल स्पर्धेत १७ वर्षांखालच्या मुलींचा वेगळा गट आहे. आपल्याकडची अडचण अशी की परिपत्रकं आणि फॉर्म कन्नडमधून येतात आणि मराठी शाळेत पीटी सर असतीलच असं नाही, त्यामुळे तारीख निघून जाते आणि टीम घरीच बसते. कन्नड चांगलं वाचणारा एखादा तरुण एसडीएमसीत, म्हणजे शाळेच्या कमिटीत, धरून ठेवा, त्याला एवढंच काम द्या. मैत्रीच्या सामन्यांना महाराष्ट्रातल्या चंदगडकडच्या शाळा बोलावता येतात, त्याला सीमा आड येत नाही.

काकांना पटवायचं असेल तर लांबची उदाहरणं आधी नकोत. तुरमुरीची मलप्रभा जाधव २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कुराशमध्ये, म्हणजे कुस्तीसारख्या खेळात, कांस्यपदक घेऊन आली, हे त्यांना विचारा. आपल्याच भागातल्या मराठी घरातली पोरगी, तीही अंगाला अंग लावून खेळायच्या खेळात. मग सांगा की २०२२ मध्ये १७ वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात झाला आणि दोन्ही उपांत्य सामने मडगावला, म्हणजे लोंढ्यावरून गाडीने जाता येईल अशा ठिकाणी झाले. भारताची कर्णधार अष्टम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली, गरीब घरातली. आणि ५ जुलै २०२५ ला आपल्या महिला संघानं थायलंडला त्यांच्याच मैदानावर २-१ ने हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. नोकरीचा खेळाडू कोटा वगैरे काका विचारतीलच. आहे म्हणा, पण त्या आशेवर पोरीला मैदानात उतरवू नका, तिच्या डोक्यावर ओझं होतं.

एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं, वर्ष आलं की खेळ बंद, ही आपल्याकडची ठरलेली गोष्ट. त्यावर आत्तापासून बोलून ठेवा. दहावीत आठवड्याला दोन दिवस खेळेल, पण बंद नाही, असं सगळ्यांसमोर ठरवा. पंच कमिटीतलं एखादं वजनदार माणूस त्या वेळी हजर असेल तर शब्द फिरत नाही.

भात कापून झालं की लोकांना जरा उसंत मिळते, पालकांना तेव्हा बोलवा. पोरी सातजणी झाल्या की इथंच लिहा. मी आमच्या घेऊन तुमच्याकडे येते, एक सामना तुमच्या मैदानावर, आज्जी-काकांना बसायला खुर्च्या टाकून.