‘ऱ्य’ किंवा ‘ऱ्ह’ असलेलं मराठी डोमेन घेताय? आधी हे वाचा

ताई, हळदीच्या धंद्यासाठी ‘.भारत’ने संपणारं (डॉट भारत) ‘शेतकऱ्यांची हळद’ असं वेबसाइटचं नाव घ्यावं का आणि नियम परदेशात ठरत असतील तर आपलं कोण ऐकणार, असं तुम्ही विचारलंय. त्यातला ‘ऱ्य’ बघून राहवलं नाही. आमचं कऱ्हाडजवळ गुऱ्हाळ आहे, आणि याच अर्ध्या र ने आमचा एक अख्खा हंगाम खाल्ला.

नोंदणी कशी करायची ते तुम्हाला माहीत असेलच. अडचण पुढे आहे. हा ‘ऱ्’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला वेगळे. अशा नावांच्या 2003 च्या नियमांत ते जोडचिन्ह गाळलं जायचं. 2010 मध्ये आयईटीएफने, म्हणजे इंटरनेटची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, नियम बदलून हलन्तानंतर त्याला जागा दिली, पण जुन्या पद्धतीच्या प्रणाली ते अजूनही गाळतात.

मी दुसऱ्या तऱ्हेचं नाव चिकटवलं. नाव विकणाऱ्यांच्या फॉर्मने चिन्ह गाळलं आणि नोंद झाली ‘गुर्हाळ’ची, रफार असलेल्या. पावतीवर ‘एक्सएन’ने सुरू होणारी इंग्रजी अक्षरांची ओळ होती. यंत्रासाठी तेच खरं नाव, म्हणजे नावाचा कोड. मी ती पडताळली नाही, आणि गुळाची खोकी छापून घेतली. ही चूक माझीच.

पण ज्यांच्याकडून नाव घेतलं त्यांचा मदत विभाग तीन महिने एकच सांगत होता, ‘तुमच्या फोनचा फॉन्ट खराब आहे.’ स्क्रीनशॉट पाठवले, कोड पाठवले, उपयोग शून्य. पैसे घेताना मराठी चालते, तक्रार आली की मराठी कुणालाच कळत नाही, याचा आजही संताप येतो.

मी इंजिनिअर नाही, म्हणून जाणकाराला विचारूनच पैसे भरा. पण छापण्याआधी मराठी नाव दोन-तीन वेगळ्या फोनवर टाइप करून ती ‘एक्सएन’ची ओळ जुळवा. जमलं तर जोडाक्षर टाळून ‘सांगली हळद’सारखं नाव घ्या. मराठी ईमेल पत्ता मात्र पाकिटावर नको. त्याचं मानक 2012 पासून आहे, तरी कितीतरी फॉर्म तो नाकारतात.

राहिलं कोण ऐकणार ते. आयईटीएफमध्ये सभासद फी नाही, मतदानही नाही. ईमेल यादीत कुणीही लिहू शकतं. डोमेन नावांचा कारभार पाहणारी आयकॅन ही संस्था नियमांच्या मसुद्यांवर जाहीर हरकती मागवते. देवनागरीचे नियम एकट्या मराठीचे नाहीत, नेपाळीतही ‘गऱ्यो’मध्ये हाच र आहे. म्हणून माझं ठाम मत, नेपाळी लोकांना सोबत घेऊन लिहावं. ‘आमच्यावर अन्याय’ असं नको. शब्द, दोन्ही कोड आणि कुठल्या फोनवर काय उघडलं, एवढंच द्यावं. तुमचं नाव ठरलं की दोन्ही कोड इथे टाका, मी माझ्या फोनवर टाइप करून बघतो.