केमो चालू असताना आईला विजया तेल द्यावं का? त्यानं गाठ विरघळते का?

नाही, गाठ विरघळत नाही. ज्यांनी तुम्हाला तसं सांगितलं त्यांना एवढंच विचारा: कोणाची विरघळली, रिपोर्ट कुठे आहेत, आणि त्या माणसाचं ऑपरेशन किंवा केमो सोबत चालू होतं का? शेवटच्या प्रश्नाला बहुतेकदा उत्तर येत नाही.

तुम्ही लिहिलंय की आईला स्तनाचा कर्करोग आहे, केमो सुरू आहे, उलट्या आणि दुखण्यानं ती बेजार आहे, नात्यातल्या कोणीतरी गांजाच्या झाडापासून काढलेलं विजया तेल सुचवलंय, आणि ते नागपुरात कुठे मिळेल असं विचारलंय. मी फार्मासिस्ट आहे, सक्करदऱ्याला आमचं मेडिकल आहे. पण हे उत्तर मी काउंटरवरून देत नाहीये. याच तेलापायी माझ्या वडिलांचे जे हाल झाले ते मी पाहिलेत, आणि त्यावरून आमच्या घराण्यात आजही दोन तट आहेत.

आधी गाठीचं संपवते. काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य, टाकलं की त्यातल्या काही मरतात, हे खरं आहे. उंदरांमधल्या काही गाठीही आक्रसल्या आहेत. पण बशीतल्या पेशी मारणारे पदार्थ ढिगानं सापडतात, त्यातलं माणसाच्या कामी येणारं फार थोडं. स्पेनमध्ये ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या नऊ रुग्णांच्या गाठीत टीएचसी थेट सोडून पाहिलं, २००६ साली ते प्रसिद्ध झालं. तेल जिभेखाली ठेवलं नव्हतं, थेट गाठीत सोडलं होतं. त्यातला कोणी बरा झाला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो तो ‘स्पेनमधला शोध’ बहुतेक हाच. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं की कर्करोगावरचा इलाज म्हणून, संशोधनातली चाचणी सोडून, हे पदार्थ देऊ नका.

आता माझे बाबा. इतवारीत किराण्याचं दुकान, गल्ल्यावर बसलं की पन्नीत घोटलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात. विदर्भात हे कोणाला समजावून सांगायची गरज नाही. आधी तोंड उघडेनासं झालं, मग गालाच्या आत पांढरा चट्टा, मग गाठ. ऑपरेशनमध्ये जबड्याचा तुकडा गेला, रेडिएशन झालं, आणि वर्ष सरायच्या आत मानेत पुन्हा निघालं. बोललेलं कळत नसे म्हणून ते पाटीवर लिहायचे. त्या काळात पाटीवर सर्वांत जास्त वेळा लिहिलेला शब्द ‘कान’. तोंडाच्या कर्करोगाची कळ कानात जाते. तापलेली सळई घातल्यासारखं होतं म्हणे.

ज्या खाजगी डॉक्टरांकडे आम्ही जात होतो त्यांनी आधी डायक्लोफिनॅक, मग ट्रॅमाडॉल दिलं. मॉर्फिनचं, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या कडक वेदनाशामकाचं, विचारलं तर म्हणाले, ‘ते अगदी शेवटी बघू.’ हे ‘शेवटी’ नावाचं प्रकरण मला आजवर कळलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी पायऱ्या आखून दिल्या. त्यात मॉर्फिन कधी द्यायचं हे दुखण्याच्या तीव्रतेवर ठरतं, माणूस किती दिवसांचा सोबती आहे यावर नाही. अफू पिकते शेजारच्या मध्य प्रदेशात, नीमच-मंदसौरला, आणि आपली माणसं पलंगाच्या दांड्या आवळून रात्री काढतात.

मी स्वतः धावपळ करून वेदनाशमनाच्या ओपीडीत नंबर लावला. मॉर्फिनच्या साध्या गोळ्या सुरू झाल्या, दर चार तासांनी, कुटून पाण्यात कालवून नाकातल्या नळीतून. (साध्या गोळ्या कुटता येतात. ‘एसआर’ लिहिलेल्या कधीही कुटायच्या नाहीत, दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.) सोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याची गोळी, कारण मॉर्फिननं मलावरोध होतोच होतो. पहिले काही दिवस मळमळ आणि गुंगी होती, मग ओसरली. बाबा झोपायला लागले. उठून बसायला लागले. एका सकाळी पाटीवर दुकानातल्या तूरडाळीचा भाव विचारला.

आणि मग आमचे मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, ऑनलाइन मागवलेली बाटली घेऊन आले.

‘काय करून राहिली तू त्याले? अफू चारून राहिली. उद्या गर्दुल्ला होईन तो. हे घे, हे आपल्या महादेवाचं आहे. जडीबुटीनं कोणाचं वाईट होत नाही.’

मी बाटली उजेडात धरून लेबल वाचलं. विजया अर्क इतके मिलिग्रॅम, एवढंच. त्यात टीएचसी किती, सीबीडी (याच झाडातलं दुसरं द्रव्य) किती, काही नाही. टीएचसीनं नशा चढते, भूक लागते, मळमळ कमी होते, छाती धडधडते. सीबीडीनं नशा होत नाही, त्याचं काम निराळं, त्याचे धोकेही निराळे. हे दोन आकडे नसलेली बाटली म्हणजे डोस न लिहिलेलं औषध. मी ‘नाही’ म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि मी दुकानात असताना मॉर्फिन बंद करून ते तेल दिलं. थोरला भाऊ समोर उभा राहिला की बाबा कधी नाही म्हणाले नाहीत, आजारपणातही नाही.

तोंडावाटे घेतलेल्या टीएचसीचा अंमल अर्ध्या ते दोन तासांनी चढतो आणि सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त टिकतो. यकृतातून जाताना त्याचं आणखी कडक रूप तयार होतं. महाशिवरात्रीला भांग पिऊन ‘काही झालंच नाही’ म्हणत दुसरा पेला घेणारा माणूस याच कारणानं आडवा होतो. मोठेबाबांनीही तेच केलं. पहिल्या थेंबांनी गुण दिसेना म्हणून थोड्या वेळानं पुन्हा दिले.

संध्याकाळी घरी आले तर बाबा घामानं थबथबलेले, नाडी एकशे तीसच्या पुढे, ओठ टाळूला चिकटलेले. रेडिएशननं लाळग्रंथी आधीच सुकलेल्या असतात आणि टीएचसी उरलीसुरली लाळही आटवतं. तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णासाठी ही छोटी गोष्ट नाही. पाटीवर एकच शब्द, ओळीवर ओळ, अक्षरावर अक्षर चढलेलं: ‘शटर’. दुकानाचं शटर उघडं राहिलं म्हणून ते पलंगावरून उतरायला बघत होते, आणि मधेच कान धरून विव्हळत होते. मॉर्फिन एकदम तोडल्यामुळे वेदना परतल्या होत्या आणि त्यात या तेलाचा भ्रम. वेदनाशमनच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितलं तसं मॉर्फिन पुन्हा सुरू केलं, रात्रभर दिवा चालू ठेवून पायाशी बसले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते भानावर आले.

बाबा पुढे गेले, त्या आजारानं गेले. तेरवीला सगळ्या पंगतीसमोर मोठेबाबा म्हणाले, ‘पोरीनं अफूनं मारलं.’ त्या दिवशी मी गप्प राहिले, घरात पाहुणे होते. आज लिहिते: नीट मोजून दिलेल्या मॉर्फिननं कर्करोगाचा माणूस लवकर मरत नाही. शरीराला त्याची सवय होते, ते एकदम तोडता येत नाही, हळूहळू कमी करावं लागतं. पण सवय होणं आणि व्यसन लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेदनेसाठी देखरेखीखाली घेणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला व्यसन क्वचितच लागतं. दुखणं थांबलं म्हणून तूरडाळीचा भाव विचारणारा माणूस गर्दुल्ला नव्हता.

विजया मॉर्फिनची जागा घेऊ शकते का, हे तपासूनही झालंय. मॉर्फिनसारखी औषधं पुरी न पडणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांना टीएचसी-सीबीडीचा तोंडात मारायचा स्प्रे वरून जोडून दिला, मोठ्या चाचण्या झाल्या, आणि औषध नसलेल्या खोट्या स्प्रेपेक्षा तो ठामपणे सरस ठरला नाही. हे मी आनंदानं सांगत नाही. ठरला असता तर मीच आधी बाबांना दिला असता.

कारण हे झाड बिनकामाचं आहे असं माझं म्हणणं मुळीच नाही. १८३९ साली कोलकात्यात ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरनं गांजाचा अर्क धनुर्वाताच्या रुग्णांना आणि झटके येणाऱ्या तान्ह्या बाळाला देऊन पाहिला, नोंदी छापल्या, तिथून हे औषध पाश्चात्त्य वैद्यकात गेलं. झटक्यांवर त्यातल्या सीबीडीचा उपयोग काटेकोर मोजून दाखवायला मात्र २०१७ उजाडलं. ड्राव्हे सिंड्रोम नावाच्या अवघड अपस्मारात मुलांचे महिन्याचे मोठे झटके साधारण १२ वरून ६ वर आले, खोट्या औषधाच्या गटात १५ वरून १४. पुढच्या वर्षी अमेरिकेत ‘एपिडायोलेक्स’ला मान्यता मिळाली. पण डोस बघा: दर किलो वजनाला रोज २० मिलिग्रॅम. वीस किलोच्या लेकराला दिवसाला ४००. मोठेबाबांच्या अख्ख्या बाटलीत हजार मिलिग्रॅम अर्क होता, त्यात सीबीडी किती ते देवच जाणे. ‘चार थेंब’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात स्नायू आखडतात त्यावर तोच टीएचसी-सीबीडीचा स्प्रे ब्रिटनमध्ये २०१० पासून मान्य आहे.

आणि केमोच्या उलट्या, म्हणजे तुमच्या आईचा खरा त्रास. टीएचसीवर आधारलेल्या ड्रोनाबिनॉल आणि नॅबिलोन या गोळ्यांना अमेरिकेत १९८५ मध्येच याच कामासाठी मान्यता मिळाली. उपयोग होतो. पण तेव्हा उलट्यांवरचं ऑन्डॅन्सेट्रॉन बाजारात नव्हतं. आज ते आहे, अ‍ॅप्रेपिटंट आहे, रात्री कमी डोसात ओलान्झापिन देतात त्यानंही फार फरक पडतो. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की उलट्या थांबत नाहीत, औषध बदला. आपल्याकडे पेशंट सांगतच नाहीत, ‘केमो म्हटलं की व्हायचंच’ म्हणून सोसतात. वेदनेचंही तेच करतात.

कायद्याचं थोडक्यात. १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा, तो गुन्हा. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, ती राज्याच्या अखत्यारीत. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे. विजयेची आयुर्वेदिक औषधं परवाना घेऊन बनतात, पण विजया औषधनियमांच्या ‘ई-१’ म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, आणि ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्या’ ही सूचना बाटलीवर छापावीच लागते. जडीबुटी म्हणून बिनधोक समजणाऱ्यांनी ती ओळ वाचावी. हेम्प सीड ऑइल हे तिसरंच, याच झाडाच्या बियांचं खाद्यतेल. त्यात टीएचसी-सीबीडी नावापुरतं. तेच ‘कॅन्सरचं तेल’ म्हणून महागात विकताना मी पाहिलंय. विजया तेलाच्या दुकानाचा पत्ता मी देणार नाही.

तरीही कोणी नोंदणीकृत वैद्य तुमच्या आईला विजया देत असतील तर मी त्यांच्याशी भांडायला येणार नाही. काहींना झोप आणि भुकेला आराम पडतो, हेही माझ्या काउंटरवर ऐकलंय. फक्त कर्करोगाच्या डॉक्टरांपासून लपवू नका. सीबीडी यकृतातली औषधं पचवणारी एन्झाइम अडवतं. त्यानं वॉरफरिन (रक्त पातळ करणारं) आणि क्लोबाझाम (झटक्यांवरचं) यांचा असर वाढतो. स्तनाच्या कर्करोगात पुढे टॅमॉक्सिफेन चालू झालं तर त्याचं काम अडण्याची शक्यता असते. मोठ्या डोसात लिव्हरचे आकडेही चढतात, आणि केमोआधी डॉक्टर तेच आकडे बघतात. घरात कोणाला भ्रमिष्टपणाचा आजार असेल किंवा आईला हृदयाचा त्रास असेल तर टीएचसी असलेलं काहीही नको. मी डॉक्टर नाही, डोस त्यांनीच ठरवायचा.

मॉर्फिन मात्र कुठे मिळतं ते सांगते. माझ्यासारख्या साध्या मेडिकलमध्ये ते नसतं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थेला ते ठेवायला पूर्वीसारखे ढीगभर परवाने लागत नाहीत. कर्करोग रुग्णालयात किंवा मोठ्या सरकारी दवाखान्यात ‘पॅलिएटिव्ह’ किंवा ‘पेन क्लिनिक’ विचारा, आणि ‘मृत्यू जवळ आला का’ असं मनात न आणता विचारा. बरे होणारे रुग्णही तिथे येतात. आईचं वय, केमोच्या औषधांची नावं आणि सध्याच्या गोळ्या तुम्ही लिहिल्या नाहीत. त्या खाली लिहा, उलट्यांसाठी डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते मी सांगते.