आज्जीला कॅलरी किती लागतात, आणि पोटात किती जातात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आज्जी ७८ वर्षांच्या, खानापूर तालुक्यातल्या. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन होऊन बेळगावात ॲडमिट आहेत. वजन ४५ किलो आणि उंची १५० सेंटिमीटर घालून नेटवरच्या एका सूत्राने ८४० कॅलरी दाखवल्या, दुसऱ्याने १०००, आणि दवाखान्यातल्या डायटीशियन मॅडम १३५० म्हणतात. यातलं खरं कुठलं?

मी इथेच डायटीशियन म्हणून काम करते, वॉर्डात रोज हाच हिशेब असतो. मॅडमचा आकडा धरून चला. ८४० हे मिफ्लिन-सेंट जिओर सूत्राचं उत्तर आहे, १००० हॅरिस-बेनेडिक्टचं. माणूस नुसता पडून असताना श्वास, हृदय, मेंदू चालायला जेवढं लागतं तेवढंच ही सूत्रं सांगतात. उठणं-बसणं, फिजिओथेरपी, जखम भरून येणं यासाठी त्याला साधारण १.२ ते १.३ ने गुणावं लागतं, म्हणजे ते आकडे १००० ते १३०० वर जातात. त्यातही हॅरिस-बेनेडिक्ट १९१९ सालचं, अमेरिकेतल्या निरोगी माणसांची मोजमापं घेऊन बसवलेलं. म्हातारी माणसं त्यात फार थोडी होती. म्हणून आजारी वृद्धांसाठी आम्ही बहुधा किलोमागे ३० कॅलरी धरतो, आणि ४५ गुणिले ३० म्हणजे १३५०. अगदी नेमकं मोजायचं तर श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र लागतं, आणि ते फार थोड्या ठिकाणी असतं.

मला सूत्रापेक्षा त्या ४५ किलोची काळजी जास्त वाटते. ते कुणी मोजलं? हाड मोडलेल्या माणसाला काट्यावर उभं करता येत नाही, त्यामुळे फाईलवरचं वजन पुष्कळदा नातेवाइकांना विचारून लिहिलेलं असतं. वर्षभरातला एखादा ओपीडीचा कागद घरी असेल तर त्यावरचं वजन बघा. पायाला सूज असेल तर वजन खोटं वाढलेलं दिसतं. हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्यात का, पूर्वीचा ब्लाउज दंडात ढगळ झालाय का, हे घरच्या बायका सगळ्यात आधी सांगतात आणि मी ते लिहून घेते. न मोडलेल्या पायाची पोटरी टेपने मोजा. सूज नसताना घेर ३१ सेंटिमीटरच्या आत असेल तर मांस झडलंय असं समजायला जागा आहे. उंचीसाठी त्याच पायाचा गुडघा काटकोनात वाकवून टाचेपासून गुडघ्यापर्यंतचं माप घेतात. ते ४६ सेंटिमीटर आलं तर या वयाच्या बाईची उंची साधारण १५० निघते.

आता दुसरी बाजू: प्रत्यक्ष पोटात काय जातं. आपल्याकडे सलाईन लागलं की घरचे निर्धास्त होतात, "बाटली चाललीय, ताकद येईल" म्हणतात. साध्या सलाईनमध्ये मीठ-पाणी असतं, कॅलरी शून्य. ५ टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे ८५-१०० कॅलरी. दूध घातलेल्या दोन कप गोड चहाएवढीच ती भरते. पेजेचंही तसंच. दोन चमचे तांदळाची पातळ पेज वाटीला जेमतेम ७० कॅलरी देते, आणि दिवसभर चार वाट्या पिऊनही आज्जी ३०० च्या आतच राहतात. पोट मात्र पाण्याने भरतं.

आणि डबा. दुपारी घरून भात-आमटी, भाकरी येते, आज्जी चार घास खातात, उरलेलं टाकायचं नाही म्हणून सोबतची सून खाते. संध्याकाळी सिस्टर विचारते, "जेवल्या?" उत्तर येतं, "होय, जेवल्या की." फाईलवर पूर्ण जेवण अशी नोंद होते. यात कुणाचीही लबाडी नसते, पण आज्जी उपाशी राहते. म्हणून दोन-तीन दिवस वहीत लिहा: किती चमचे, किती वाट्या, अर्धी भाकरी की पाव.

भूक नसलेल्या माणसाला जास्त वाढून उपयोग नाही, त्याच घासात जास्त घाला. पेजेत मुगाची डाळ शिजवून चमचाभर तूप (सुमारे ४५ कॅलरी). नाचणीची आंबील ताकाऐवजी दुधात. खात असतील तर उकडलेलं अंडं, ७० कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रोटीन. शेंगदाण्याचं कूट भातावर. प्रोटीन दिवसाला किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे त्यांना ५४ ते ६७ ग्रॅम लागेल. पेज-भातावर ते कधीच भरत नाही. कवळी घरी राहिली असेल तर आजच मागवून घ्या, हे फार वेळा विसरतं. खाताना ठसका लागत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना सांगा. डाएटचा कागद कन्नडमध्ये मिळाला आणि घरात वाचणारं कुणी नसेल तर सिस्टरकडून मराठीत समजावून घ्या, त्यात संकोच नको.

एक गोष्ट अगदी जपून. पडल्यापासून आठ-दहा दिवस त्यांनी जवळजवळ काहीच खाल्लं नसेल तर एकदम १३५० वर जाऊ नका. उपाशी शरीराला अचानक भरपूर अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम घसरतं, आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा वेळी किलोमागे १० कॅलरीपासून, म्हणजे ४५० च्या आसपास सुरुवात करून काही दिवसांत हळूहळू वाढवतात. आधी बी-१ जीवनसत्त्व देतात, रक्त तपासत राहतात. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

पायाला सूज आहे का, शुगर किंवा किडनीचा त्रास आहे का, आणि गेल्या आठवड्यात साधारण काय खाल्लं ते इथे लिहा. किडनीचा त्रास असेल तर वरचा प्रोटीनचा आकडा तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.